न बदलणारा नंबर आणि गोठवलेली फाईल

इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोतून माहिती चोरीला गेल्याचे ७ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर झाले, तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या आमच्यासारख्या अनेकांना पहिला प्रश्न पडला तो हा, की या कंपनीशी आपला संबंध आलाच कधी? बँक आपण निवडतो, क्रेडिट कार्ड आपण मागतो, फोनची सेवा आवडली नाही तर कंपनी बदलतो. पण इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन मोठ्या ब्युरोंकडे आपण कधी अर्ज केलेला नसतो आणि त्यांच्या दफ्तरातून आपले नाव काढून घेण्याचीही सोय नसते. आपण कर्ज घेतो, हप्ता वेळेवर भरतो किंवा चुकवतो, त्याची नोंद बँका दरमहा या ब्युरोंना पुरवतात, ब्युरो ती आपल्या फाईलला लावतात आणि पुढच्या वेळी आपण कुठे कर्ज मागितले की तीच फाईल त्या नव्या बँकेला पैसे घेऊन दाखवतात. या व्यवहारात गिऱ्हाईक असते ती बँक. ज्याच्या नावाची फाईल आहे त्या माणसाने ब्युरोशी कोणताही करार केलेला नसतो, आणि म्हणूनच फाईल चोरीला गेल्यावर भांडायचे कोणाशी आणि कोणत्या नात्याने, हेही त्याला उमजत नाही.

आरंभी बाधितांचा आकडा १४ कोटी ३० लाख असा सांगण्यात आला, पुढे तो वाढत १४ कोटी ८० लाखांच्या घरात गेला. म्हणजे देशातली जवळजवळ निम्मी माणसे. चोरीला गेलेल्या माहितीत नाव, जन्मतारीख, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारने दिलेला नऊ आकडी ओळखक्रमांक, होता, काहींचे वाहन परवान्याचे क्रमांक होते आणि सुमारे २ लाख ९ हजार जणांचे क्रेडिट कार्ड क्रमांकही होते. ज्या वाटेने चोर शिरले ती अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली त्रुटी होती आणि तिची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झालेली होती. चोर मेच्या मध्यापासून आत वावरत होते, कंपनीला ते जुलैच्या अखेरीस कळले आणि लोकांना सप्टेंबरमध्ये. बातम्यांचा भर कार्डांवर होता, पण कार्डांची मला फारशी चिंता वाटली नाही, कारण कार्ड रद्द करून नवे मागवता येते आणि चोराने केलेल्या खर्चाची जबाबदारी कायद्याने बहुतांशी बँकेवर जाते. सोशल सिक्युरिटी नंबर मात्र जन्मभर एकच राहतो. तो बदलून मिळण्याचे प्रसंग अगदी विरळा, आणि बदलून मिळाला तरी मागचा सगळा पत-इतिहास नव्या नंबराला जोडून घेण्याची कटकट उरतेच.

परदेशातून आलेल्या माणसाला या नऊ आकड्यांची किंमत जरा अधिकच कळते. आम्ही इथे आलो तेव्हा भारतातल्या बँकेतला चोख व्यवहार इथे कोणाच्याच खिजगणतीत नव्हता. नंबराचे कार्ड टपालाने येईपर्यंत थांबायचे, मग स्वतःचीच ठेव तारण ठेवून जेमतेम मर्यादेचे पहिले कार्ड घ्यायचे, त्यावर किराणा आणि पेट्रोल भरून महिन्याच्या महिन्याला पूर्ण बिल चुकते करायचे आणि अशी वर्षे गेल्यावर गृहकर्जाच्या खिडकीशी उभे राहण्याजोगा क्रेडिट स्कोअर तयार व्हायचा, ही वाट इथल्या बहुतेक मराठी घरांनी चाललेली आहे. एवढ्या खटपटीने उभी केलेली पत एखाद्या अनोळखी माणसाने आपल्या नावावर उचल करून वापरली तर काय, ही धास्ती म्हणूनच आमच्या घरात केवळ बातमीपुरती राहिली नाही.

आपली माहिती चोरीत गेली आहे का हे पाहण्यासाठी इक्विफॅक्सने एक वेगळे संकेतस्थळ उघडले होते. तिथे आडनाव आणि सोशल सिक्युरिटी नंबराचे शेवटचे सहा आकडे भरायचे होते. ज्यांचा नंबर हरवला त्यांनाच नऊपैकी सहा आकडे पुन्हा भरायला सांगणे मला विचित्र वाटले. त्यातच, एकाच माणसाला दोनदा विचारल्यावर दोन वेगळी उत्तरे मिळत असल्याच्या बातम्या आल्या आणि नंतर तर खुद्द कंपनीच्या ट्विटर खात्यावरून लोकांना चुकीच्या, नावात थोडीशी अदलाबदल असलेल्या भलत्याच संकेतस्थळाचा दुवा दिला गेला. ते भलते संकेतस्थळ सुदैवाने एका जागरूक संगणकतज्ज्ञाने ही उणीव दाखवून देण्यासाठीच तयार केलेले होते. हे सगळे पाहून आम्ही असे ठरवले, की यादीत नाव आहे की नाही याचा शोध घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा ते आहे असेच धरून चालावे. हा निर्णय झाल्यावर डोके बरेच शांत झाले, कारण पुढची कामे यादीतल्या माणसाला आणि यादीबाहेरच्या माणसाला सारखीच करायची होती.

पर्याय तीन दिसत होते. पहिला होता क्रेडिट मॉनिटरिंगचा, म्हणजे फाईलवर नजर ठेवण्याच्या सेवेचा, जो इक्विफॅक्सने सर्वांना एक वर्षासाठी फुकट देऊ केला होता. त्याच्या अटींत आरंभी लवादाचे कलम होते, म्हणजे सेवा घेणाऱ्याने कोर्टात जाण्याचा हक्क सोडावा अशा अर्थाचे. त्यावर गदारोळ झाल्यावर ते काढले गेले. माझा आक्षेप त्याहून साधा होता. मॉनिटरिंग आपल्याला सांगते ते नवे खाते उघडले गेल्यावर. घर फुटल्यावर वर्दी देणाऱ्या राखणदाराचा उपयोग नाही असे नाही, पण आधी दाराला कडी घालावी हे बरे. दुसरा पर्याय फ्रॉड अलर्टचा. एका ब्युरोला कळवले की तो उरलेल्या दोघांना कळवतो आणि आपल्या नावाने कर्ज देण्याआधी बँकेने नीट खातरजमा करावी अशी सूचना फाईलवर लागते. त्या वेळी तिची मुदत ९० दिवसांची असे, आता ती एक वर्षाची आहे. ही सूचना बँकेने किती मनावर घ्यायची हे मात्र बऱ्याच अंशी बँकेवरच सोपवलेले असते. तिसरा पर्याय क्रेडिट फ्रीझचा, ज्यात ब्युरो आपली फाईल नव्या कर्जदात्याला दाखवतच नाही आणि फाईल दिसली नाही की सहसा कोणी कर्ज देत नाही. यात फ्रॉड अलर्टसारखे एकाला सांगून भागत नाही, तिघांकडे स्वतंत्रपणे जावे लागते, आणि ज्या दिवशी आपल्याला स्वतःला कर्ज हवे असेल त्या दिवशी तो उठवावाही लागतो. आम्ही तिसरा निवडला आणि तोच खरा उपाय आहे असे माझे मत तेव्हाही होते, आजही आहे.

कामाला बसल्यावर पहिल्यांदा केले ते तिन्ही ब्युरोंचे अहवाल मागवण्याचे. २००३ च्या कायद्यामुळे प्रत्येक ब्युरोचा अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळत असे आणि त्यासाठी अॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट या नावाचे एकच अधिकृत संकेतस्थळ आहे. नावात साधर्म्य असलेली बाकीची बरीचशी संकेतस्थळे फुकटच्या नावाखाली काहीतरी विकायला बसलेली असतात. (आता हे अहवाल दर आठवड्याला विनामूल्य पाहता येतात.) गोठवण्याआधी फाईलमध्ये काय आहे हे पाहून घेणे शहाणपणाचे, कारण आधीच एखादे परके खाते आत शिरलेले असेल तर नुसत्या फ्रीझने ते बाहेर जात नाही.

परके खाते नव्हते, पण माझ्या फाईलमध्ये मीच अनेक रूपांत नांदत होते. पारपत्रावर माझे नाव आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात छापलेले, लग्नानंतरच्या पारपत्रावर वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव आणि आडनाव बदललेले, पहिल्या बँकेने मधले नाव पहिल्या नावाला जोडून एकच लांबलचक नाव केलेले, आणि एका कार्ड कंपनीने तर वडिलांच्या नावालाच माझे पहिले नाव मानलेले. ब्युरोच्या अहवालात 'या नावांनीही ओळखले जाते' अशा शीर्षकाखाली ही सगळी बिरादरी एकाखाली एक लावलेली होती. वाचताना आधी हसू आले, पण पुढे ओळख पटवण्याच्या पायरीवर हीच नावे आडवी आली तेव्हा हसू मावळले.

ओळख पटवण्याची ही पायरी मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखी आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि नंबर भरला की पडद्यावर काही प्रश्न येतात आणि प्रत्येकाला चार-पाच पर्याय असतात. खालीलपैकी कोणत्या रस्त्यावर आपण राहिलेले आहात? आपल्या वाहनकर्जाचा मासिक हप्ता कोणत्या दोन रकमांच्या दरम्यान होता? अमुक गावी आपले वास्तव्य होते का? शेवटचा पर्याय 'यांपैकी काहीही नाही' असा असतो आणि पुष्कळदा तोच बरोबर असतो, पण प्रत्येक वेळी नाही. भाड्याच्या घरांतून वारंवार मुक्काम हलवलेल्या माणसाला आपण कोणत्या साली कोणत्या गल्लीत होतो हे आठवावे लागते आणि उत्तराला वेळेची मर्यादा असते. माझ्या मनात सतत हेच येत होते, की ज्या माहितीच्या आधारे मी 'मी' असल्याचे सिद्ध करायचे आहे, त्यातली बरीचशी माहिती, निदान पत्ते तरी, नुकतेच चोरीला गेलेले आहेत. चोराकडे यादी समोर असणार आणि मी मात्र स्मरणशक्तीवर विसंबून. ओळख पटवण्याची ही पद्धत मुळातच डळमळीत आहे, हे मला कोणत्याही लेखापेक्षा त्या पडद्याने अधिक पटवले.

तिघांपैकी दोन ब्युरोंकडे मी या प्रश्नांतून पार पडले. त्या दिवसांत लाखो माणसे हेच करत असल्यामुळे पाने मध्येच बंद पडत, फोन लावला तर ध्वनिमुद्रित आवाज एकाच वर्तुळात फिरवत राही. तिसऱ्या ब्युरोने मात्र माझी उत्तरे ग्राह्य धरली नाहीत आणि सगळे टपालाने पाठवा असा निरोप पडद्यावर दाखवला. मग वाहन परवान्याची प्रत, राहत्या पत्त्यावरचे विजेचे बिल, सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत आणि स्वतःच्या सहीचे पत्र असा जुडगा तयार केला. पत्रात मी माझी सगळी नावे क्रमवार लिहून, हे सर्व एकाच व्यक्तीचे आहे असा खुलासा केला आणि पोचपावती मिळेल अशा सर्टिफाईड टपालाने ते रवाना केले. नवऱ्याची फाईल त्या मानाने सुरळीत गोठली. त्याचे नाव आयुष्यभर एकच राहिलेले असल्याने असेल.

बहुतेक राज्यांत तेव्हा फ्रीझला शुल्क पडत असे, साधारण ५ ते १० डॉलर प्रत्येक ब्युरोमागे, आणि उठवताना पुन्हा तेवढेच. इक्विफॅक्सने आपले शुल्क त्या काळापुरते माफ केले होते, पण उरलेल्या दोघांचे आम्हाला भरावे लागले. रक्कम लहान होती. तरी ज्या फाईलवर हा धंदा चालतो ती बंद ठेवण्यासाठी फाईलवाल्यानेच पैसे मोजावेत, ही व्यवस्था मला पटली नाही आणि पावत्या मी जपून ठेवल्या.

फ्रीझ लागल्यावर एक पिन मिळत असे आणि तो हरवला तर फ्रीझ उठवणे जिकिरीचे होई. इक्विफॅक्सचा पिन हा फ्रीझ केल्याच्या तारखेवरून आणि वेळेवरून बनवला जात असल्याचे त्याच आठवड्यात उघडकीस आले आणि कंपनीला ती पद्धत बदलावी लागली. आम्ही सगळे पिन एका कागदावर लिहून पारपत्रांबरोबर ठेवले. संगणकावर किंवा ईमेलमध्ये ठेवले नाहीत. पुढे ब्युरोंनी पिनऐवजी खाते आणि पासवर्ड अशी पद्धत आणली, तेव्हा आणखी एक काम वाढले ते असे, की प्रत्येक ब्युरोकडे आपले ऑनलाइन खाते आपणच आधी उघडून ठेवणे, म्हणजे आपल्या नावाने ते दुसऱ्याला उघडायला नको. एका ब्युरोच्या संकेतस्थळावर 'लॉक' नावाची सेवा ठळक अक्षरांत पुढे केली जात होती आणि फ्रीझचा दुवा शोधत पानाच्या तळापर्यंत जावे लागत होते. लॉक म्हणजे कंपनीने आपल्या अटींवर दिलेली सोय आणि फ्रीझ म्हणजे कायद्याने दिलेला हक्क. बटण दाबायला दोन्ही सारखेच वाटले तरी मी जाणून-बुजून फ्रीझ शोधून काढला.

तीन मोठ्या ब्युरोंपलीकडेही फायली असतात, हे त्या निमित्ताने कळले. इनोव्हिस हा चौथा ब्युरो आहे. बँकेत बचत किंवा चेकचे खाते उघडताना बऱ्याच बँका चेक्ससिस्टम्स या बँकखात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे विचारणा करतात. फोन आणि वीज कंपन्यांच्या गिऱ्हाइकांची माहिती ठेवणारी वेगळी संस्था आहे. या सगळ्यांकडे फ्रीझ लावता येतो आणि तो आम्ही लावला. टपालाने येणारी 'आपल्याला आधीच मंजूर झालेल्या' कार्डांची पत्रे थांबवण्याची सोयही निराळी आहे, कारण ती फ्रीझने थांबत नाहीत. सोशल सिक्युरिटी खात्याच्या संकेतस्थळावरचे आपले खाते मात्र आधी उघडावे आणि मग फाईल गोठवावी, असा तेव्हाचा क्रम होता. तिथेही ओळख पटवायला क्रेडिट फाईलचाच आधार घेतला जाई आणि गोठलेल्या फाईलवर खाते उघडता येत नसे. हा क्रम आधी वाचून ठेवल्यामुळे आमचा एक फेरा वाचला.

करविवरणाचा धोका मात्र फ्रीझच्या कक्षेबाहेर राहतो. नंबर आणि जन्मतारीख हाती असलेला माणूस आपल्या नावाने आपल्याआधी विवरण भरून परताव्याची रक्कम उचलू शकतो, आणि आपण भरायला गेलो की आयआरएसची, म्हणजे अमेरिकी करखात्याची, यंत्रणा 'या नंबराचे विवरण आधीच आलेले आहे' म्हणून आपलेच नाकारते. त्यावर आयआरएसचा सहा आकडी ओळख-पिन हा उपाय आहे, जो दरवर्षी बदलतो. तेव्हा तो ओळखचोरी झालेल्यांना आणि मोजक्या ठिकाणच्या रहिवाशांनाच मिळत होता. २०२१ पासून कोणालाही मागून घेता येतो. मधल्या वर्षांत आम्ही एवढेच केले, की कागद हाती येताच विवरण लवकरात लवकर भरून टाकले.

फ्रीझचा उपयोग होतो का, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्याचे उत्तर एका पत्राने दिले. एका बँकेकडून, जिचे मी कधी तोंडही पाहिलेले नव्हते, कार्डाचा अर्ज नाकारल्याचे पत्र आले. मजकूर नेहमीच्याच छापील भाषेतला होता: आपल्या अर्जाबद्दल आभार, आपला पत-अहवाल पाहता न आल्यामुळे मंजुरी देता येत नाही, आणि खाली कोणत्या ब्युरोकडे विचारणा केली त्याचे नाव व पत्ता. अर्ज नाकारताना ब्युरोचे नाव कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणूनच हा धागा हाती लागला. अर्ज मी केलेला नव्हता. कोणीतरी माझ्या नावाने दार ठोठावले होते आणि दार उघडले नव्हते.

पत्रावरच्या क्रमांकाला फोन न करता मी त्या बँकेच्या संकेतस्थळावरून क्रमांक घेतला, कारण अशा वेळी खोटी पत्रेही येतात. फसवणूक विभागातल्या बाईंनी ओळखीसाठी पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर मागितला. मी पत्राचा संदर्भ क्रमांक दिला, शेवटचे चार आकडे दिले आणि बाकीचे देण्यास नम्रपणे नकार दिला. थोडे आढेवेढे घेऊन त्या पुढे सरकल्या. त्यानंतर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या ओळखचोरीविषयक संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. त्यातून जो अहवाल तयार होतो त्याला कायद्याने वजन आहे. त्याच्या जोरावर सात वर्षांचा फ्रॉड अलर्ट लावता येतो, फाईलमध्ये खोटी खाती घुसली असतील तर ब्युरोला ती चार कामकाजी दिवसांत रोखावी लागतात, आणि ज्या कंपनीकडे आपल्या नावाने अर्ज गेला तिच्याकडून त्या अर्जाची प्रत ३० दिवसांत विनामूल्य मागता येते.

प्रत मी आवर्जून मागवली. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, नंबर बरोबर, पत्ता आमचाच. मोबाईल क्रमांक आणि ईमेल मात्र परक्याचा, आणि वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात आमच्या खऱ्या उत्पन्नापेक्षा बरीच सढळ रक्कम. नावाच्या रकान्यात त्याने लग्नानंतरचे, मधल्या नावाला जोडलेले लांबलचक रूप वापरले होते, जे मी स्वतः कोणत्याही अर्जावर कधीच लिहीत नाही. ते फक्त ब्युरोंच्या किंवा बँकांच्या दफ्तरात आहे. एवढ्यावरून ती माहिती नेमकी कुठून गळली हे सिद्ध होत नाही. इतक्या ठिकाणी इतक्या वेळा माहिती फुटलेली आहे, की एखाद्या अर्जाचे मूळ शोधणे अशक्यच म्हणायचे. इक्विफॅक्सच्या चोरीबद्दल तर फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी न्यायखात्याने चिनी सैन्यातल्या चौघांवर आरोपपत्र ठेवले. ते वाचून कोणी मला म्हणाले, की मग आता काळजीचे कारण नाही, परक्या देशाला तुझ्या नावाचे कार्ड कशाला हवे? मला त्यातून काही दिलासा मिळाला नाही. माझ्या हातात त्या बँकेच्या अर्जाची प्रत होती, आणि तो अर्ज कोणीतरी भुरट्यानेच केलेला होता.

फ्रीझबद्दल लोकांना वाटणारी दुसरी भीती म्हणजे स्वतःला कर्ज हवे असेल तेव्हा होणारी अडचण. ती आहे, पण तिचा बाऊ होतो. घराच्या कर्जाचा व्याजदर कमी करून घेण्यासाठी आम्ही नवे कर्ज काढले, तेव्हा तिन्ही ब्युरोंचे अहवाल लागणार होते. कर्ज अधिकाऱ्याने सुचवले, की महिनाभर फ्रीझ काढूनच टाका, म्हणजे मध्ये खोळंबा नको. मी त्याला अहवाल कोणत्या दिवशी काढणार एवढे विचारले, त्या दिवसाच्या मागेपुढे थोडी मुदत धरून तिघांकडे तारखा भरल्या आणि मुदत संपताच फाईल आपोआप पुन्हा गोठली. कर्जाचा व्यवहार पूर्ण होण्याआधी त्यांना पुन्हा एकदा अहवाल पाहायचा होता, तेव्हा परत तसेच केले. गाडीचे कर्ज किंवा नवे कार्ड असेल तर बहुधा एकाच ब्युरोकडे विचारणा होते. कोणत्या ते आधी विचारून घ्यावे आणि तेवढाच उघडावा. पूर्वी यासाठी पैसे आणि दिवस दोन्ही मोडत. मे २०१८ मध्ये कायदा झाला आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून देशभर फ्रीझ लावणे आणि उठवणे विनामूल्य झाले. ऑनलाइन किंवा फोनवर मागणी केल्यास ब्युरोने एका कामकाजी दिवसात फ्रीझ लावावा आणि एका तासात उठवावा, असेही बंधन आले. इतक्या माणसांच्या मनस्तापातून निघालेली ठोस गोष्ट कोणती असे विचारले तर मी या कायद्याचे नाव घेईन, इक्विफॅक्सबरोबर जुलै २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीचे नाही.

त्या तडजोडीचा आकडा मोठा होता: कंपनीने किमान ५७ कोटी ५० लाख आणि जास्तीत जास्त ७० कोटी डॉलर द्यायचे. लोकांच्या ध्यानात राहिले ते मॉनिटरिंगऐवजी मिळू शकणारे १२५ डॉलर. पण त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम होती ३ कोटी १० लाख, म्हणजे पूर्ण १२५ द्यायचे तर फार तर २ लाख ४८ हजार माणसांना पुरेल एवढी. दावे लोटल्यावर फेडरल ट्रेड कमिशनलाच सांगावे लागले, की रोख रकमेपेक्षा मॉनिटरिंग घेतलेले बरे. मी रोख मागितली नाही. उरलेल्या दोन ब्युरोंना भरलेल्या शुल्काचा आणि टपालखर्चाचा, पावत्या जोडून, तेवढाच दावा केला. प्रत्यक्ष खर्चासाठी २० हजार डॉलरपर्यंतची तरतूद होती आणि माझी मागणी तिच्या पासंगालाही पुरत नव्हती.

कायमचे भारतात परतलेल्या ओळखीच्या मंडळींना मी आवर्जून कळवले, कारण देश सोडला तरी सोशल सिक्युरिटी नंबर आणि फाईल इथेच राहते. त्यांची अडचण आणखी वेगळी होती. इथला फोन बंद, इथला पत्ता नाही आणि परदेशी पत्त्यावरचे वीजबिल ऑनलाइन अर्ज स्वीकारत नाही. त्यांतल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी टपालानेच सगळे केले, आणि ज्यांचे परतणे अजून व्हायचे आहे अशांना ते आता सांगतात, की विमानात बसण्याआधी, इथला पत्ता आणि फोन चालू असतानाच, तिन्ही ठिकाणी खाती उघडून फ्रीझ लावून निघा.

शेवटचे काम मुलाचे होते. त्याला जन्मापासून नंबर आहे, पण त्याच्या नावाने कर्ज नाही म्हणून फाईलही नाही, आणि चोराच्या दृष्टीने असा कोरा नंबर अधिक सोयीचा, कारण मूल मोठे होऊन पहिला अर्ज करेपर्यंत कोणी त्याच्याकडे पाहत नाही. २०१८ च्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना फ्रीझ मागता येतो. हे तेव्हा ऑनलाइन होत नव्हते. मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत, त्याच्या सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत, माझा परवाना आणि पत्त्याचा पुरावा असे तीन संच तिन्ही ब्युरोंना टपालाने पाठवावे लागले. गोठवायला फाईल नसेल तर ब्युरो आधी मुलाच्या नावाने एक नोंद तयार करतो आणि मग ती गोठवतो. म्हणजे ज्यांच्याकडे या मुलाची काहीच माहिती नव्हती, त्यांच्याच हाती त्याच्या संरक्षणासाठी म्हणून ती सगळी मी स्वतः पाकिटात घालून दिली. पाठवू की नको, यावर आमच्या घरात बराच खल झाला. नवऱ्याचे म्हणणे होते, की त्याची माहिती जिथे नाही तिथे ती जाऊच नये. माझे म्हणणे पडले, की शाळा, दवाखाना आणि विमा कंपनी यांच्याकडे ती आधीच पोचलेली आहे आणि त्यांच्यातले कोण कधी फुटेल याची शाश्वती नाही. अखेर पाकिटे गेली. तिघांकडून नोंद गोठवल्याची पत्रे आली असून, सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर ही फाईल उघडण्या-मिटण्याचा अर्ज मुलाला स्वतःला करता येईल.